गिऱ्हाइकास काय कळते?

शिरूरास जुनी माणसे अद्याप घोडनदी असेच म्हणतात. त्या घोडनदीहून दौंडकडे येत असता गेल्या हिवाळ्यात आमच्यावर एक प्रसंग गुदरला. प्रसंग लहानसा, त्यात कोणास साधे खरचटलेही नाही. परंतु त्यामुळे एका जुन्या प्रश्नाकडे आमचे लक्ष वेधले, आणि त्या प्रश्नाचा माग आम्ही जसजसा काढीत गेलो तसतसा तो आमच्या मोटारीपेक्षा फार मोठा आहे असे दिसून आले. प्रश्न असा की, वस्तू रोज वापरणारास त्या वस्तूविषयी जे कळते, त्याला ती दुरुस्त करणाराच्या लेखी काही किंमत आहे की नाही? असल्यास ती कोणत्या व्यवस्थेत टिकते आणि कोणत्या व्यवस्थेत लोपते?

प्रथम प्रसंग सांगतो. आमची मोटार बारा वर्षांची आहे. ती बहुधा आमची पत्नीच चालविते. आम्ही शेजारी बसून काहीतरी वाचीत असतो. एके दिवशी ती म्हणाली, "सिग्नलला उभं असताना ब्रेकवर नुसता हलका पाय ठेवला ना, की पेडल हळूहळू खाली बसतं. चिखलात पाय रुतावा तसं." आम्ही ते ऐकले आणि आमच्या पद्धतीने त्याचा अर्थ लावला. मोबाइलवर दोन ठिकाणी वाचून ब्रेकचे पॅड झिजले असावेत असे ठरविले, आणि शिरूरच्या एका गॅरेजात गाडी नेऊन तेथील मेकॅनिकास तसे सांगितले. त्याने चाक काढून पाहिले. "सर, पॅड तर चांगले आहेत. मोबाइलवर बघून आलात काय?" असे म्हणून तो हसला. पत्नीने पेडलाची गोष्ट सांगावयास आरंभ केला तोच तो आसनावर बसला, सारे बळ एकवटून त्याने तीनदा पेडल दाबले, आणि "बघा, दगडासारखं आहे," असे म्हणून उतरला. ब्रेकमधील एअर काढली, पैसे घेतले, आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "गाडी एकदम ओके आहे, सर. मॅडमना सांगा, ब्रेकवर सारखा पाय ठेवायची सवय सोडा." यावर आम्हीही हसलो. ही गोष्ट लपवून ठेवल्यास पुढील विवेचनास काही अर्थ राहणार नाही, म्हणून ती येथे नमूद करतो.

आठवड्याने आम्ही उभयता न्हावऱ्याच्या बाजूने दौंडकडे निघालो. उसाचे दिवस होते. पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चालला होता आणि तो वळणावर एकाएकी मंद झाला. पत्नीने आपल्या रीतीप्रमाणे दुरूनच, हलकेच, ब्रेक दाबावयास सुरुवात केली. आणि पेडल तळाशी जाऊन टेकले. तिने ते सोडून पुन्हा दोनतीन वेळा झपाझप दाबले, गिअर खाली घेतला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डावीकडे मुरमावर घातली. गाडी थांबली तेव्हा तिच्या काचेत आणि ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाच्या शेंड्यांत हातभर अंतर होते. काही वेळ कोणीच बोलले नाही. नंतर गाडी क्रेनवर चढवून दौंडास नेली. तेथे जे घडले ते शेवटी सांगू. तत्पूर्वी इतिहासाकडे वळू. आमच्या मते शिरूरच्या त्या हसण्याचे मूळ त्या एका मेकॅनिकाच्या उद्धटपणात नाही. त्याच्याही मागे दोन शतकांचा क्रम आहे.

पुण्याहून शिरूरकडे निघाले असता वाटेत लोणीकंद लागते. या गावाचे वर्णन थॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टराने पेशवाई बुडाल्यावर लगेच लिहिले, आणि ते १८२३ साली मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथमालेत छापले गेले. गावाची शेती, अवजारे, बलुतेदार आणि घरे यांची त्यात बारकाईने नोंद आहे. पुढे प्रा. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास करून १९६० साली त्यावर ग्रंथ लिहिला. अशा गावात सुतार, लोहार आणि कुणबी यांचा जो व्यवहार चाले, त्यात दुरुस्तीचे वेगळे मोल नसे. कुणबी सुतारास लाकूड देई, लोहारास लोखंड देई, आणि कामाबद्दल सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने बलुते घाली. फाळ वर्षातून एकदा शेवटवावा लागला काय किंवा पाचदा लागला काय, लोहाराचे बलुते तेवढेच. यावरून असे निष्पन्न होते की, काम वाढवून सांगण्यात लोहाराचा लाभ नव्हता, आणि दोष लपविण्यात कुणब्याचाही नव्हता. उलट तोच फाळ पुन्हा पुन्हा भात्यापाशी येऊ नये यातच दोघांचे हित. शिवाय दोघेही एकाच पाणवठ्याचे. लोहाराने नांगर चालताना पाहिलेला असे आणि कुणब्याने भाता ओढलेला असे. "फाळ उजवीकडे ओढतो" असे कुणब्याने म्हटले तर लोहारास त्याचा अर्थ लागे, कारण त्या बैलांची आणि त्या काळ्या जमिनीची त्यालाही ओळख होती.

तथापि या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. तेथे गिऱ्हाइकाचे ज्ञान मानले जाई, पण कारागिराचा मान नव्हता. बलुते घालण्यात कुचराई, हक्कावरून तंटे, आणि जातीच्या उतरंडीत प्रत्येकाची ठरलेली जागा, हे सर्व त्यातच होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला तो या व्यवस्थेची स्तुती करण्यासाठी नव्हे. वंशपरंपरेने मिळणाऱ्या वतनामुळे कसब मंदावते हे त्यांनी परखडपणे दाखविले आहे. आम्हांस त्यातून एवढाच मुद्दा घ्यावयाचा आहे की, दुरुस्ती करणाराने वापरणाराचे ऐकावे की नाही, हे पुष्कळ अंशी पैसा कशाबद्दल मिळतो यावर अवलंबून असते.

दुसरा दाखला खुद्द घोडनदीचाच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे इंग्रजांची छावणी होती. १८०९ साली मरण पावलेल्या कर्नल वॉलेसची समाधी येथे आहे, आणि लोकांनी त्यास सत्पुरुष मानून पूजिले, ही गोष्ट सुप्रसिद्ध आहे. कॅप्टन स्टाँटन १८१७च्या अखेरच्या रात्री कोरेगावाकडे निघाला तो येथूनच. आणि त्याच्याबरोबर त्याच वर्षी उभारलेल्या पूना हॉर्सचे स्वार होते. छावणी घोडदळाची म्हटली की खोगीर करणारे, नालबंद, घोड्यांचे वैद्य हे आलेच. आता मराठी घोडदळात स्वारांचे दोन प्रकार असत. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, आणि जो दुसऱ्याच्या किंवा सरकारच्या घोड्यावर बसे तो बारगीर. शिलेदारास चाकरीवर बोलावताना जी आगाऊ रक्कम देत तिचे नावच नालबंदी. शिलेदाराचा घोडा गेला म्हणजे त्याची चाकरीच धोक्यात येई; म्हणून घोड्याच्या चालीत कोठे काटा आहे, कोणता खूर तो हलका टेकतो, हे त्यास नालबंदापेक्षा आधी कळे. 'खोड' हा शब्द आपण आज माणसास लावतो, यंत्रासही लावतो. परंतु घोड्याच्या बाजारात तो अगदी नेमक्या अर्थाने चाले. खोड ओळखावी ती रोज बसणाराने. तिचे कारण शोधावे ते पारख्याने.

वापरणारा स्वतः मालक असला म्हणजे त्याचे डोळे उघडे राहतात, हे शिलेदारावरून दिसते. परंतु मोठ्या संस्थेत वापरणारा मालक नसतो. मग तेथे त्याचे ज्ञान वाया जाऊ नये म्हणून काय करावे? याचे उत्तर आगगाडीने दिले, आणि ते पाहावयास दौंडासारखे ठिकाण नाही. मुंबईहून निघालेला लोहमार्ग पुणे-दौंडावरून १८६० साली सोलापुरास पोचला. आणि १८७८ साली दौंड-मनमाड फाटा सुरू झाल्यावर भीमेकाठचे हे गाव जंक्शन झाले. वाफेच्या इंजिनांच्या काळात येथे लोकोशेड होते. त्या शेडमधील एक पद्धत आम्हांस फार महत्त्वाची वाटते. ड्रायव्हर खेप संपवून आला की, इंजिनात जे वावगे आढळले ते दुरुस्तीच्या वहीत लिही आणि सही करी. डावीकडील सिलिंडरात ठोका येतो. इंजेक्टर पाणी नीट उचलीत नाही. चढावर वाफ टिकत नाही. फिटर त्या नोंदीवरून काम करी आणि काय केले ते समोर लिहून आपली सही करी. ड्रायव्हराने दोषाचे कारण सांगावे अशी अपेक्षा नव्हती. त्याने जे पाहिले, ऐकले, हातास जाणवले ते लिहावे. फिटराने ते खोटे ठरवावे अशीही मुभा नव्हती. त्याने तपासावे आणि उत्तर लिहावे. पुढील खेपेस तोच दोष पुन्हा दिसला तर वहीची दोन पाने एकमेकांसमोर उभी राहत. अशा रीतीने वापरणाराच्या अनुभवास कागदावर जागा मिळाली, आणि जागा मिळाल्यामुळे मान मिळाला.

अर्थात या वहीसही मर्यादा होती. लिहिण्याचा अधिकार ड्रायव्हरास होता; आणि पुष्कळ वर्षे मेलगाड्यांवरील ड्रायव्हरच्या जागा बहुधा युरोपियन व अँग्लो-इंडियन लोकांकडे असत. आगीच्या तोंडाशी उभा राहून कोळसा टाकणारा फायरमन हिंदी असे, आणि भट्टीची नस त्यास अधिक कळत असली तरी वहीत त्याची सही नसे. कोणाच्या अनुभवास ज्ञान म्हणावे हा प्रश्न यंत्रशास्त्राने सुटत नाही. तो समाजात ज्याची जी पायरी ठरलेली असते तिच्यावरून ठरविला जातो. आमच्या गोष्टीत पत्नीचे म्हणणे मेकॅनिकापर्यंत पोचण्यापूर्वीच आम्ही त्याच्या जागी आमचे ऐकीव निदान ठेवले, ते याच न्यायाने. फायरमन पाहत होता आणि लिहीत होता दुसराच.

यानंतर मोटार आली. तिच्या इतिहासातही आमचा हा रस्ता अग्रभागी आहे. १ जून १९४८ रोजी मुंबई राज्याच्या सरकारी परिवहनाची पहिली बस पुणे-नगर मार्गावर धावली, म्हणजे ती शिरूरवरूनच गेली. त्या पहिल्या काळात बेडफोर्ड, शेव्हर्ले, अल्बियन, लेलँड, स्टुडबेकर अशा नाना जातींच्या गाड्या ताफ्यात होत्या. एकीचा सुटा भाग दुसरीस लागावयाचा नाही. तेव्हा ड्रायव्हरची तक्रार आणि डेपोतील मिस्त्रीचे कसब यांचा मेळ बसल्यावाचून गाडी दुसऱ्या दिवशी सुटणे कठीण. आज शिरूर व दौंड या दोन्ही ठिकाणी एस. टी.चे आगार आहे, आणि दापोडीस मध्यवर्ती कार्यशाळा आहे. तेथेही आगगाडीप्रमाणेच ड्रायव्हर आणि मिस्त्री एकाच घरचे. दोघांचा पगार गाडी चालू राहण्यावर, सुटे भाग खपण्यावर नव्हे.

खासगी गॅरेजाची गोष्ट निराळी झाली. ते गावाच्या पाणवठ्यावर उभे राहिले नाही. हमरस्त्याच्या कडेस उभे राहिले. त्याचे गिऱ्हाईक वाटसरू. आज आलेला मनुष्य उद्या नगरास किंवा सोलापुरास असावयाचा. मोबदला रोख आणि कामागणिक. तोही मुख्यतः बदललेल्या भागाचा व हातमजुरीचा. दोष कोठे आहे हे शोधून काढण्यात अर्धा दिवस गेला तरी त्याबद्दल गिऱ्हाईक आनंदाने पैसे देत नाही, "नुसतं बघायचे कसले पैसे?" असे विचारते. म्हणजे ज्या कामात मिस्त्रीची खरी विद्या आहे ते फुकट, आणि ज्यात केवळ पाना फिरवावयाचा आहे त्याचे दाम. अशा स्थितीत गिऱ्हाइकाचे म्हणणे सावकाश ऐकून घेणे हा मिस्त्रीस तोट्याचा व्यवहार होऊन बसला तर नवल नाही. विद्याही पुस्तकातून आलेली नव्हती. ती उस्तादाच्या हाताखाली, पाने धूत, शिव्या खात, वर्षानुवर्षे मिळविलेली. अशी विद्या ज्याने मिळविली त्यास दोन मिनिटे मोबाइल पाहून आलेल्या पांढरपेशाचे निदान ऐकताना राग यावा, हेही मनुष्यस्वभावास धरूनच आहे.

तरी मध्यंतरी एक काळ असा होता की, गिऱ्हाइकासही थोडे कळत असे. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे त्या काळी, घरात आलेली स्कूटर ही सुनेसारखी नवलाईची वस्तू होती. ती सकाळी सुरू न झाली तर एका अंगास कलंडावी, प्लग काढून पॉलिश कागदाने घासावा, पेट्रोलची नळी फुंकून पाहावी, एवढे कारकुनासही येत असे. मिस्त्रीकडे जाताना तो "प्लग साफ केला, ठिणगी येते आहे, तरीही सुरू होत नाही" असे सांगू शके, आणि मिस्त्री तेथून पुढे आरंभ करी. पुढे गाड्या वाढल्या, चांगल्या झाल्या, आणि बंद झाल्या; म्हणजे त्यांचे पोट आपल्याला दिसेनासे झाले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यावर साध्या मोटारसायकलीतही कार्ब्युरेटर जाऊन इंधन मोजून फवारणारे विद्युत यंत्र आले. आता दोष विचारावयाचा तो गिऱ्हाइकास नव्हे, मिस्त्रीसही नव्हे. गाडीस स्कॅनर लावून तिलाच विचारावयाचा. स्कॅनर जे सांगतो ते खरे. जे सांगत नाही ते नाहीच! आमच्या गाडीच्या दोषाविषयी असे कोणतेही यंत्र बोलले नसते, कारण तो विजेच्या तारांत नव्हता. एका रबरी वॉशरात होता, आणि तो केवळ एका पायास कळला होता.

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ज्या मिस्त्रीने आम्हांस हसून वाटेस लावले त्याच्याकडे पाहूनही कोणी तरी हसत असते. रांजणगावाच्या औद्योगिक वसाहतीत, म्हणजे शिरूर तालुक्यातच, मोटारी तयार होतात. पण त्या मोटारींचे दोष वाचण्याची साधने व अस्सल सुटे भाग रस्त्याकडेच्या गॅरेजास सहज मिळतीलच असे नाही. 'अधिकृत' नसलेल्या मिस्त्रीस काय कळते, हा कंपन्यांचा प्रश्न. गिऱ्हाइकास काय कळते, हा मिस्त्रीचा प्रश्न. आणि आमच्यासारख्या गिऱ्हाइकाच्या घरात, बायकांस काय कळते, हा प्रश्न. संशयाची ही उतरंड आहे, आणि प्रत्येक मडके वरच्याचा भार खालच्यावर टाकीत असते. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांस मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग व दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांस मोकळी न ठेवल्याचा ठपका त्यांच्यावर होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. परंतु मिस्त्रीसही जाणण्याचा हक्क आहे, ही गोष्ट त्या निकालाने प्रथमच इतक्या ठळकपणे मांडली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासंबंधी संकेतस्थळ सुरू केले, त्यातही मोटारींचा समावेश आहे.

गिऱ्हाइकाच्या हक्काची चळवळ तर पुण्याचीच. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत स्थापन केली. त्यानंतर १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि त्याच्या जागी आलेला २०१९चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आहे. सेवेत त्रुटी राहिली तर जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. हे सर्व इष्टच आहे. तथापि कायदा अपघातानंतर भरपाई देववील. ऐकून घेण्याची बुद्धी तो देणार नाही. आयोगापुढे जावयाचे झाले तरी प्रथम विचारतील ते हेच की, तुम्ही काय तक्रार केली होती आणि ती कोठे लिहिलेली आहे? म्हणजे फिरून आपण दौंडच्या शेडमधील वहीपाशीच येतो.

परंतु गिऱ्हाइकाचे सर्वच खरे मानावे असे मात्र आमचे म्हणणे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर केला तेव्हा, लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि तो नांगर खपविताना त्यांस फार सायास पडले. त्या शेतकऱ्यांस आपली जमीन कळत नव्हती असे कोण म्हणेल? पण लोखंडाने विष भिनते हे त्यांनी पाहिलेले नव्हते. ते त्यांनी मानलेले होते. येथेच सर्व वादाची गुरुकिल्ली आहे. वापरणाराने जे पाहिले ते एक, आणि त्यावरून त्याने जे ठरविले ते दुसरे. पहिल्यात त्याचा अधिकार सर्वश्रेष्ठ. दुसऱ्यात तो चुकण्याचा संभव मोठा. आपल्याकडील वैद्यांनी हा भेद फार पूर्वी ओळखला होता. रोग्याची परीक्षा पाहून, स्पर्श करून आणि प्रश्न विचारून अशी तीन प्रकारांनी करावी असे आयुर्वेद सांगतो. यांपैकी पहिल्या दोहोंत वैद्याचे डोळे व हात पुरतात. तिसरीत रोग्याच्या तोंडावाचून गत्यंतर नाही. रोग्याने लक्षण सांगावे, वैद्याने निदान करावे. रोगी निदान सांगू लागला की वैद्य चिडतो, आणि वैद्याने लक्षणच ऐकले नाही की रोगी दगावतो. शिरूरच्या गॅरेजात या दोन्ही चुका एकाच वेळी घडल्या. पहिली आमची, दुसरी मेकॅनिकाची.

आता दौंडची गोष्ट. क्रेनवाल्याने गाडी ज्या मिस्त्रीकडे उतरविली तो साठीच्या घरातील मनुष्य होता. आम्ही पुढे होऊन हकीकत सांगू लागलो. त्याने हात पुसत विचारले, "गाडी कोण चालवतं?" आम्ही पत्नीकडे बोट दाखविले. "मग ताई, तुम्ही सांगा." आणि तो तेथेच स्टुलावर बसला. तिने पहिल्यापासून सर्व सांगितले. त्याने मध्ये तोडले नाही. शेवटी चार प्रश्न विचारले. पेडल जोरात दाबलं तर बसतं का हळू दाबलं तर? गाडी तापल्यावर जास्त बसतं का? सोडून पुन्हा दाबलं तर वर येतं का? ब्रेकचं तेल कमी होतं का? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी होते. आमच्यापाशी एकाचेही नव्हते. मग तो गाडीत बसला, इंजिन सुरू केले, पेडलावर नुसता पाय ठेवला आणि मनगटावरील घड्याळाकडे पाहत राहिला. मिनिटभरात त्याचा गुडघा खाली गेलेला आम्हांस बाहेरून दिसला.

दोष ब्रेकच्या मास्टर सिलिंडरात होता. आतील रबरी वॉशरची कड झिजली होती. पाय जोराने दाबला की तेलाच्या दाबाने ती कड भिंतीस घट्ट चिकटे आणि पेडल दगडासारखे लागे; पाय हलका ठेवला की ती ढिली राही आणि तेल तिच्या बाजूने मागे झिरपे. तेल बाहेर सांडत नव्हते, म्हणून पातळीही कमी होत नव्हती. म्हणजे शिरूरच्या मेकॅनिकाने जी परीक्षा केली तीत हा दोष सापडणे शक्यच नव्हते. तो खोटे बोलला नाही. त्याच्या पायास पेडल खरोखरच घट्ट लागले. जो दोष केवळ हलक्या पायास कळतो तो त्याने जड पायाने शोधला, आणि हलका पाय जिचा होता तिला बोलू दिले नाही.

आम्ही त्या मिस्त्रीस ही विचारण्याची पद्धत कोठे शिकलात असे विचारले. तो म्हणाला, "वडील लोकोशेडला फिटर होते. ते सांगायचे, ड्रायव्हरनं लिहिलेलं आधी वाचायचं, मग इंजिनाला हात लावायचा." त्याच्यापाशी दोनशे पानी वही होती, शाळेतील मुलांची असते तशी. तीत प्रत्येक गाडीच्या क्रमांकापुढे गिऱ्हाइकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत, आणि त्याखाली आपण काय केले ते, असे तो लिहून ठेवी. मोबदला घेताना नवीन भागाची किंमत, मजुरी, आणि तपासणीचे वेगळे दोनशे रुपये त्याने मागितले. आम्ही ते विनातक्रार दिले. जुना मास्टर सिलिंडर त्याने न मागता कागदात गुंडाळून आमच्या हाती ठेवला.

वाचकांपैकी पुष्कळांवर असा प्रसंग येतो, म्हणून दोन शब्द व्यवहाराचे लिहितो. गॅरेजात जाताना रोगाचे नाव सांगू नये. काय होते, केव्हा होते, कसे केले असता होते, एवढेच सांगावे. ते जॉबकार्डावर आपल्याच शब्दांत लिहावयास लावावे. शक्य तर मिस्त्रीस शेजारी बसवून गाडी आपण चालवावी, म्हणजे दोष ज्या पायास कळला त्याच पायाने तो पुन्हा प्रकट होईल. बदललेला भाग परत मागावा. तपासणीचे वेगळे पैसे मागितले तर कुरकुर करू नये. विद्येचे मोल नाकारून वर प्रामाणिकपणाची अपेक्षा धरणे हा न्याय नव्हे. आणि घरात जो गाडी चालवितो त्यालाच बोलू द्यावे.

या शेवटच्या नियमाचे उल्लंघन आम्ही केले होते आणि त्याची किंमत हातभर अंतराने चुकली. परतताना शिरूरच्या पुलावर वाहतूक तुंबली होती. पत्नीने ब्रेकवर हलकाच पाय ठेवला, क्षणभर थांबली, आणि म्हणाली, "आता बसत नाही." आम्ही हातातले पुस्तक मिटले आणि तिला विचारले, "आणखी काही जाणवतं का?" त्यावर तिने क्लचविषयी जे सांगितले ते आम्ही या वेळी जसेच्या तसे लिहून घेतले आहे.